बंबातला गाळ

दुबईत घर गरम ठेवायचा बंब म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. जिथे आठ महिने अंगाची लाही लाही होते, तिथे बंब कशाला मेला? पण हसणाऱ्याने जानेवारीत जुमैराच्या किनाऱ्यावर पहाटे फजरच्या अजानीला उठून गार पाण्याने हातपाय धुऊन वजू करून दाखवावा, मग बोलू. अरबाब खलफानच्या म्हाताऱ्या आईचे, जिला सगळे हाजिया म्हणत, गुडघे त्या थंडीत धरून यायचे. अरबाब एकदा उपचारासाठी लंडनला गेला, तिथे त्याने भिंतीला लावलेले लोखंडी पत्रे पाहिले, आतून गरम पाणी फिरवून खोली उबदार ठेवणारे. त्रेसष्ट साली जुमैरात नवं घर बांधताना त्याने मागच्या खोलीत रॉकेलवर चालणारा विलायती बॉयलर बसवून घेतला. न्हाणीत गरम पाणी आणि हाजियेच्या खोलीत तसाच एक पत्रा. सगळं घर त्याला बॉयलर म्हणायचं. हमदुल्ला पारकार तेवढा बंब म्हणायचा, कारण दाभोळच्या खाडीकाठी त्याच्या घरी तांब्याचा बंब होता आणि पाणी तापवणाऱ्या वस्तूला त्याच्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

हा हमदुल्ला अरबाबच्या खाडीपलीकडच्या पेढीवर कारकून, अरबाब म्हणजे धनी. अठ्ठावन्न साली टायपिंगचं सर्टिफिकेट खिशात घालून आगबोटीने आला होता. इंग्रजी पत्रं टाइप करायची, बाजारात अरबीत घासाघीस करायची, ड्रायव्हर-मजुरांशी हिंदीत बोलायचं आणि संध्याकाळी अबऱ्याच्या होडीत बसून खाडी ओलांडून बर दुबईतल्या आपल्या खोलीवर यायचं, बायकोशी मराठीत बोलायला. चार भाषा, चारही कामापुरत्या, पण चोख. अरबाब पाहुण्यांना सांगायचा, "हा हमदुल्ला म्हणजे माझी जीभ." हमदुल्लाला त्याचा केवढा अभिमान! बदरुन्निसाला, म्हणजे बायकोला, त्याने ते वाक्य इतक्या वेळा ऐकवलं होतं की ती म्हणायची, "कळलं हो, जीभ आहात. आता तीच जीभ भाताला लावा, निवतोय."

तर या जिभेने केलेली गोष्ट आहे ही.

जुमैराच्या त्या बाजूला नळाची लाईन अजून पोचली नव्हती. घरात विहीर होती, पण तिचं पाणी मचूळ, झाडांना आणि फरशी धुवायला ठीक. बंबासाठी आणि पिण्यासाठी गोड्या पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. तो मागवायचं काम हमदुल्लाकडे. बॉयलर बसवणाऱ्या गोऱ्या इंजिनियरने जाताना बोट नाचवून बजावलं होतं, की यात विहिरीचं पाणी घालायचं नाही. ते इंग्रजी हमदुल्लानेच अरबीत करून अरबाबला सांगितलं होतं. एकदा काय झालं, टँकर आलाच नाही. हाजिया न्हाणीत खोळंबलेली. हमदुल्लाने विहिरीचा पंप चालू केला आणि वरची टाकी भरून टाकली. हाजियेने अंघोळ केली, बंब फुटला नाही, आभाळ कोसळलं नाही. पुढच्या वेळी टँकरवाला उशीर होईल म्हणाला तेव्हा हमदुल्लाने पुन्हा पंप लावला. मग आठवड्याचे दोन टँकर एकावर आले. तो एक यायचा तो पिण्याच्या टाकीत जायचा. बंबाला विहीर.

पैसे खाल्ले नाहीत हो त्याने, तो तसला माणूसच नव्हता. वाचलेला पैसा अरबाबकडेच राहिला. पण महिनाअखेरीला अरबाबने विचारलं, पाण्याचा खर्च निम्मा कसा झाला? तेव्हा हमदुल्ला बोलून गेला, की टँकरवाल्याशी भांडून भाव पाडला. अरबाबने पाठ थोपटली. भर मजलिसमध्ये, चार व्यापाऱ्यांसमोर म्हणाला, असा माणूस तुमच्याकडे आहे का? बस्स. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती उघडायची तरी कशी?

चार हिवाळे बंबाने सोसलं. सदुसष्टच्या डिसेंबरात त्याने आतून ठोके द्यायला सुरुवात केली, मग खालच्या जोडातून गळायला लागला, आणि एका सकाळी हाजियेच्या खोलीतला पत्रा थंडगार पडला. अरबाब मागच्या खोलीत आला, ओली फरशी बघून म्हणाला, "खलास?"

"खलास," हमदुल्ला म्हणाला. कुणी उघडून बघायच्या आधीच. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! जुना बंब जितक्या लवकर घराबाहेर जाईल तितकं बरं, एवढंच त्याला सुचलं.

"मग नवा बसवायचा. तीन कोटेशन घे आणि माझ्यापुढे एका कागदावर मांड," अरबाब म्हणाला.

पहिलं कोटेशन आलं एका इंग्रज कंपनीचं. टाय लावलेला माणूस आला, पाच मिनिटं टॉर्च मारून गेला आणि तीन दिवसांनी तीन पानी टाइप केलेला कागद पाठवला. नवा बॉयलर, बसवणुकीसकट चौतीसशे रियाल. हमदुल्ला मनातल्या मनात म्हणाला, म्हणजे जवळजवळ साडेपाच हजार रुपये, दाभोळात घर होईल. दुसरा आला एक लेबनानी कंत्राटदार. तो बंबाकडे कमी आणि चहाकडे जास्त बघत होता. "हबीबी, सव्वीसशे. दहा वर्षं गॅरंटी," म्हणाला. गॅरंटी लिहून द्या म्हटल्यावर छातीवर हात ठेवून हसला.

तिसरा माणूस बदरुन्निसाने सुचवला. तिचा थोरला भाऊ, याकूबभाई.

याकूबभाईने वीस वर्षं जहाजांवर आगवाल्याचं काम केलं होतं. इंजिनखोलीत, बॉयलरच्या तोंडाशी. कोळशाची जहाजं भंगारात गेली, डिझेलच्या जहाजांवर आगवाला कुणाला हवा? पन्नाशीला टेकलेला माणूस लाँचमधून चोरून आला आणि बहिणीच्या खोलीत पथारी टाकून राहिला. कागद नव्हते. कुणीतरी स्थानिक धनी उभा राहिला, त्याने जबाबदारी घेतली, तरच मुक्काम कायदेशीर होणार होता. नाहीतर आज ना उद्या परत.

"अहो, भाईला बघू तर द्या," बदरुन्निसा म्हणाली. "काम पसंत पडलं तर तुमचा अरबाब सही करील ना कागदावर? एका सहीचा तर सवाल आहे."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. हमदुल्ला त्याला घेऊन गेला.

याकूबभाईने टॉर्च मागितली नाही. चप्पल दाराबाहेर काढली, बंबाला उजव्या हाताने सलाम केल्यासारखा स्पर्श केला आणि खिशातून छोटी हातोडी काढून खालपासून वरपर्यंत ठोकत गेला. टण्, टण्, टण्. प्रत्येक ठोक्याला कान लावायचा. खाली एका जागी आवाज बद्द आला. मग तो उकिडवा बसला. गळणाऱ्या जोडाभोवती पांढरा थर जमला होता, त्याची खपली नखाने काढली आणि सरळ जिभेवर ठेवली.

हमदुल्लाच्या तोंडचं पाणी पळालं.

याकूबभाई थुंकला. सावकाश उठला. "हमदुल्ला, याचं लोखंड शाबूत आहे. बदलायची काय गरज नाय. आत गाळ बसलाय, तो छिन्नी-हातोडीने चिपिंग करून काढायचा, खालचा एक पाइप आणि पॅकिंग बदलायचं. तीनशे रियाल मला पुष्कळ झाले. दोन हिवाळ्यांत गळला तर पैसे परत, ही माझी जबान." मग थांबून म्हणाला, "पण याच्यात खारं पाणी चाललंय. ते पयलं बंद करायला सांग अरबाबला. नायतर नवा आणा नायतर सोन्याचा आणा, त्याचीबी हीच गत."

"टँकरवाला बदमाश आहे," हमदुल्ला म्हणाला.

याकूबभाईने खिडकीतून अंगणातल्या विहिरीकडे बघितलं, पंपाच्या पाइपाकडे बघितलं. "मला लिहायला येत नाय. माझं कोटेशन तूच लिही. मी बोललो तसंच लिही म्हणजे झालं," एवढंच म्हणाला आणि कोऱ्या कागदावर खाली अंगठा उठवून निघून गेला.

आता बघा, कारकुनाच्या हातात कोरा कागद, खाली अंगठा. हमदुल्ला टाइपरायटरपाशी बसला. खरं टाइप केलं तर पहिला प्रश्न येणार, खारं पाणी आलं कुठून? दुसरा येणार, मग भाव पाडला होतास तो कुठल्या टँकरचा? आणि तिसरा प्रश्न येणारच नाही, थेट बोटीचं तिकीट येईल. त्याने टाइप केलं, "दुरुस्ती, तीनशे रियाल. नवा बॉयलर पुरवू शकत नाही. गॅरंटी नाही." तीन ओळी. पाण्याचं वाक्य गाळलं, लोखंड शाबूत असल्याचं गाळलं आणि जबानीच्या जागी 'गॅरंटी नाही' घातलं. कागदावर लिहिलेली गॅरंटी नव्हतीच की, त्याने मनाशी म्हटलं. म्हणजे खोटं कुठे आहे? अशी सारवासारव माणूस स्वतःशीच करतो ना, तेव्हा समजावं कुठेतरी पाणी मुरतंय.

तिन्ही कोटेशनं एका कागदावर मांडून त्याने अरबाबपुढे ठेवली. अरबाबने तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा सर्वांत स्वस्त. कसा आहे माणूस?"

हमदुल्ला म्हणाला, "अरबाब, तो माझ्या बायकोचा भाऊ आहे. त्याच्याबद्दल मी काही बोलणं बरं दिसणार नाही."

अरबाब खूश झाला. काय हा इमानदार माणूस, सख्ख्या मेव्हण्याचीही शिफारस करत नाही! त्याने इंग्रज कंपनीच्या कागदावर सही केली आणि हमदुल्लाचा पगार पंचवीस रियालने वाढवला. ते पंचवीस रियाल हमदुल्लाला जन्मभर पचले नाहीत.

घरी बदरुन्निसाला त्याने तेच सांगितलं. "आपला माणूस पुढे केला असता तर चार लोक काय म्हणाले असते?"

"चार लोक?" ती तवा उतरवत म्हणाली. "त्या चार लोकांनी कधी तुमच्या घरी भाकरी पोचवलीय का हो?" आणि मग आठ दिवस नीट बोलली नाही. याकूबभाई मात्र म्हणाला, "असूं दे गं बदरू. त्याने लिहिलं असेल ते विचार करूनच लिहिलं असेल." हे ऐकून हमदुल्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या.

नवा बॉयलर आला. त्या दिवसापासून हमदुल्लाने विहिरीच्या पंपाला हात लावला नाही, कानाला खडा. टँकर पुन्हा आठवड्यातून दोनदा यायला लागला, आणि भाव वाढले म्हणून अरबाबला सांगून झालं. एक खोटं निस्तरायला दुसरं, रीतच आहे ती. याकूबभाई खाडीवर हमालीला लागला. कागद नाहीत, तिथे कोण विचारतो? रोज सकाळी अबऱ्यातून पलीकडे जाताना हमदुल्लाला तो दिसायचा. पाठीवर तांदळाचं पोतं, मान वाकलेली, भाजल्याच्या जुन्या डागांचे हात पोत्याच्या कोपऱ्यांना धरलेले. हमदुल्ला मग अबऱ्यात दुसऱ्या बाजूला तोंड करून बसायचा. कामावर निघालेला माणूस समुद्राकडे तोंड करून का बसतो, हे अबरेवाल्यालाही कळेना.

जुना बंब कंपाउंडाच्या भिंतीशी पडून होता. एक दिवस याकूबभाईने विचारलं, "तो टाकलेला बंब मिळेल का रे?" हमदुल्लाने त्याच दिवशी मिळवून दिला, गाडीभाडंही स्वतः दिलं. एवढ्याने फिटतंय का बघावं, असा भाबडा हिशोब. फिटला नाही.

बर दुबईत ताजबी नावाच्या बाईची खानावळ होती, रत्नागिरी-रायगडकडचे सगळे सडेफटिंग तिच्याकडे जेवायचे. तिच्या मागच्या आवारात याकूबभाईने बंब ठेवला. हमाली संपली की रोज संध्याकाळी तास-दोन तास चिपिंग. तीन महिने. "दोन घमेली गाळ निघाला म्हणे आतून," बदरुन्निसा जेवताना सांगायची. "इतका गाळ गोड्या पाण्यात येतो कुठून हो?" हमदुल्ला पानावरून लवकर उठायचा. पुढच्या थंडीत बंब पेटला. ताजबीच्या आवारात लाँचवरचे खलाशी गरम पाण्याने अंघोळ करायला रांग लावू लागले, माणशी पाव रियाल. निम्मे ताजबीचे, निम्मे याकूबभाईचे. हमाली तरीही सुटली नव्हती, आणि कागदही नव्हते.

एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत, शुक्रवारी दुपारी, जुम्म्याची नमाज आटोपून अरबाब आपल्या लाँचच्या नाखवाला शोधत निघाला. बरोबर हमदुल्ला. कुणीतरी सांगितलं, नाखवा ताजबीकडे अंघोळीला बसलाय. हमदुल्लाने सांगून पाहिलं, मी बोलावून आणतो, अरबाब, तुम्ही इथे थांबा. पण अरबाब पुढे गेलाच.

आवारात वाफ होती, साबणाचा वास होता आणि मधोमध तो बंब. बोटीवरून उतरवताना पोटाला पडलेला पोचा तसाच. पितळी पाटी घासून चकचकीत. अरबाब थबकला.

"हा माझा बॉयलर."

"हो, अरबाब."

"हा तर खलास झाला होता!" त्याने हात लावून बघितला आणि चटका बसून मागे घेतला. मग खो खो हसला. याकूबभाई पुढे झाला, भिजलेले हात लुंगीला पुसत. अरबाबने त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि हमदुल्लाला म्हणाला, "हाच ना तुझा मेव्हणा? त्याला सांग, खाडीकाठी माझी नवी इमारत उभी राहतेय. तिथल्या बॉयलरवर मला माणूस हवाय. कागदपत्रं, राहायची खोली, सगळं मी करतो. पण आधी एक विचार. गेल्या वर्षी त्याने गॅरंटी नाही म्हणून सांगितलं होतं. का सांगितलं? याला झालं तरी काय होतं?"

हमदुल्लाने सगळं मराठीत सांगितलं. इमारत, कागदपत्रं, खोली, आणि शेवटी तो प्रश्न. 'गॅरंटी नाही' हे शब्द याकूबभाईने आज पहिल्यांदा ऐकले. आता बोलेल, हमदुल्लाला वाटलं. बोलूनच टाक बाबा. खारं पाणी म्हण, विहीर म्हण, माझं नाव घे. खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी ते हवंच होतं. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा दुसऱ्या कुणी उचलला तर बरं, स्वतः उचलायची हिंमत नाही. असा भित्रा जीव.

याकूबभाईने त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग बंबाकडे बघून म्हणाला, "त्याला सांग, चूक माझी झाली. तेव्हा मला बंबाचं दुखणं कळलंच नव्हतं. मी आपला अंदाजाने बोललो. हमदुल्लाने मी बोललो तेच लिहिलं. आता चालतोय हा, तो नशिबाने चालतोय."

हमदुल्ला बंबाच्या पितळी पाटीकडे बघत राहिला.

"सांग ना," याकूबभाई हळूच म्हणाला. "तो थांबलाय. बदरूचं घर तुझ्या नोकरीवर आहे, माझ्या नाय."

आणि हमदुल्लाने सांगितलं. त्याच्या त्या चोख अरबीत. चूक माझी, दुखणं कळलं नव्हतं, अंदाजाने बोललो, हमदुल्लाने तेच लिहिलं, नशिबाने चालतोय. त्याच्या कानांना स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, आणि तो थांबत नव्हता. शेवटचं 'बदरूचं घर' तेवढं त्याने आत ठेवलं, ते त्याच्याचसाठी होतं.

अरबाबचं हसू मावळलं. "मग नको," तो म्हणाला. "अंदाजावर आणि नशिबावर चालणारा माणूस मला बॉयलरजवळ नको. माणसं मरतील. चांगला माणूस आहे, पण नको. खलास." आणि नाखवाला हाक मारत तो पुढे गेला.

हमदुल्ला तिथेच उभा होता. मान वर करायची सोय नव्हती.

"काय म्हणाला?"

"नको म्हणाला."

"बरं." याकूबभाईने मान हलवली. "मी बोललो ते सगळं सांगितलंस ना? काही राहिलं नाय ना?"

"नाही, भाई. एक शब्दही गाळला नाही."

याकूबभाईने बंबाची तोटी सोडली. बादली भरली, कोपराने पाणी बघितलं, थोडं विसण घातलं आणि बादली हमदुल्लाच्या पुढ्यात ठेवली.

"आलाच आहेस तर अंघोळ करून जा," तो म्हणाला. "पाणी गोडं आहे."